दयेला कर्तव्याची शिस्त लावणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड

ज्यू समाज म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अलिबागचा किनारा, मुंबईतील मांडवी-भायखळ्याचा परिसर, ठाणे किंवा पुणे उभे राहते. विदर्भातील वाशीमचा आणि या समाजाचा काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येणार नाही. तरीही वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा किंवा कारंजा येथील एखाद्या सरकारी रुग्णालयात रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीला दाखल करून घेतले जाते, तिचे रक्त तपासले जाते, आणि दुर्दैवाने ती दगावलीच तर तिच्या मृत्यूचे कारण शोधून त्याची नोंद केली जाते, तेव्हा एका मराठीभाषक ज्यू डॉक्टरने फार पूर्वी धरलेला आग्रहच तेथे पाळला जात असतो. त्या डॉक्टरचे नाव जेरुशा झिराड.

जन्म १८९१ चा, मृत्यू १९८४ चा. त्र्याण्णव वर्षांच्या या दीर्घ आयुष्यातील बहुतांश काळ मुंबईतील मातांच्या सेवेत गेला. लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या पहिल्या भारतीय प्रमुख, ‘पद्मश्री’च्या मानकरी, अशी त्यांची ओळख करून देता येईल. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या चरित्राकडे आणखी एका बाजूने पाहता येते. दया ही केवळ मनाची अवस्था नसून ते रोज करावयाचे काम आहे, अशी शिकवण देणाऱ्या धर्मपरंपरेत त्या वाढल्या आणि ती शिकवण त्यांनी प्रसूतिगृहात आणून दाखविली.

शनिवार तेल्यांचा वारसा

झिराड हे अलिबाग तालुक्यातील एका गावाचे नाव. दिवेआगरहून दिवेकर, राजपूरहून राजपूरकर, तसेच झिराडहून झिराड. कोकणातील गावांची नावे आडनाव म्हणून धारण करणाऱ्या या समाजाला ‘बेने इस्राएल’ म्हणतात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या स्त्री-पुरुषांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. ही माणसे कोकणात राहिली, मराठी बोलू लागली आणि तेलाचे घाणे चालवून उदरनिर्वाह करू लागली. शेजाऱ्यांना त्यांच्यात एक वेगळेपण दिसे. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले.

शतकानुशतके लिखित धर्मग्रंथांपासून दूर राहिलेल्या या समाजाने आपली ओळख जपली ती प्रामुख्याने शनिवारच्या या विसाव्यामुळे. सब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र दिवस, या दिवशी काम करायचे नाही, हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. पुढे अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे मुंबईत आली. कोणी सैन्यात गेले, कोणी कारकून झाले, कोणी शिक्षक झाले. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. ‘शआर हारहमीम’ हे त्याचे हिब्रू नाव. त्याचा अर्थ ‘दयेचे द्वार’. मुंबईतील ज्यूंच्या पहिल्या प्रार्थनास्थळाच्या दारावरच दयेचे नाव कोरले गेले, ही गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दान आणि दया यांतील अंतर

ज्यू धर्मात दयाळूपणासाठी ‘हेसेद’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ करुणा असा केला जातो, परंतु तो अपुरा आहे. मनात करुणा दाटून आली, डोळे पाणावले, एवढ्याने हेसेद होत नाही. ती घडते हातून. धर्माचार्यांनी दान आणि दया यांत स्पष्ट भेद केला आहे. दान पैशाने होते, ते गरिबाला दिले जाते आणि जिवंत माणसालाच देता येते. दया पैशाने होते तशीच देहाने, म्हणजे स्वतः झिजूनही होते. ती गरिबाला हवी असते तशी श्रीमंतालाही हवी असते. आणि ती मृतांच्या वाट्यालाही येते, कारण मृताची उत्तरक्रिया करणारा परतफेडीची अपेक्षा ठेवू शकत नाही. म्हणून दयेचे स्थान दानाच्या वर मानले गेले.

हे जग धर्मग्रंथांचे अध्ययन, ईश्वराची उपासना आणि दयेची कृत्ये या तीन खांबांवर उभे आहे, असे या परंपरेतील एक जुने वचन सांगते. तोराह या मूळ धर्मग्रंथाविषयीही धर्माचार्यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. त्याच्या आरंभी ईश्वर उघड्या आदाम आणि हव्वेला वस्त्रे देतो आणि अखेरीस तोच मोशेचे दफन करतो. ग्रंथाचा आरंभ दयेने, शेवटही दयेने. माणसाने ईश्वराचे अनुकरण करावयाचे ते याच बाबतीत, असा त्याचा अर्थ लावला गेला.

ही शिकवण मुलांना दिली जाते ती प्रवचनातून कमी आणि घरातून अधिक. शुक्रवारी संध्याकाळी सब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी मुलाच्या हातून दानपेटीत नाणे टाकविण्याची प्रथा अनेक ज्यू घरांत आढळते. आजाऱ्याच्या भेटीस जाणे हे तर धर्मकृत्यच मानले जाते. आई-वडील आजारी शेजाऱ्याकडे निघाले की मुलांनाही बरोबर नेतात, यामागे हाच विचार असतो.

याच परंपरेत प्रसूतीला विशेष स्थान आहे. मिसर देशाच्या फारोने इस्राएली मुलगे जन्मताच मारून टाकण्याची आज्ञा सुइणींना दिली, तेव्हा ती धुडकावणाऱ्या शिप्रा व पुवा या दोन सुइणींची नावे ग्रंथाने नोंदवून ठेवली आहेत. त्या फारोचे नाव मात्र ग्रंथ सांगत नाही. शनिवारच्या कडक नियमालाही प्रसूतीपुढे माघार घ्यावी लागते. जीव वाचविण्यासाठी सब्बाथ मोडावाच लागतो, असे धर्मशास्त्र सांगते. अडलेल्या स्त्रीसाठी शनिवारी दुसऱ्या गावाहून सुईण बोलावून आणता येते, तिच्यासाठी दिवा लावता येतो. ज्या समाजाची ओळखच शनिवारच्या बंद घाण्याने झाली, त्या समाजाच्या धर्माने बाळंतिणीसाठी शनिवारचे दार उघडे ठेवले होते. जेरुशा झिराड यांचे आयुष्य समजून घेताना हे सूत्र फार उपयोगी पडते.

बहिणीचे आजारपण

जेरुशा यांचा जन्म २१ मार्च १८९१ रोजी तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे झाला. त्या अवघ्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण गंभीर आजारी पडली. तिला मुंबईच्या कामा रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि ती बरी झाली. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी असलेले हे रुग्णालय पारशी दानशूर पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये सुरू झाले होते. तेथील डॉक्टर स्त्रियाच होत्या. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही संकोचणाऱ्या त्या काळातील स्त्रियांसाठी या गोष्टीचे मोल किती होते, हे वेगळे सांगायला नको. बहिणीला मृत्यूच्या दारातून परत आणणाऱ्या या स्त्रियांना अकरा वर्षांच्या मुलीने पाहिले आणि आपणही डॉक्टर व्हायचे, असे तेव्हाच ठरविले.

मराठी वाचकाला येथे आनंदीबाई जोशी आठवल्यावाचून राहणार नाहीत. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि त्या दुःखातून आनंदीबाई वैद्यकाकडे वळल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ मध्ये, रुग्णसेवा सुरू होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यानंतर डॉ. रखमाबाई लंडनला जाऊन शिकून आल्या आणि त्यांनी प्रत्यक्ष रुग्णसेवा केली. झिराड या त्यांच्या पुढच्या पिढीतील. पहिल्या पिढीने स्त्री डॉक्टर होऊ शकते हे सिद्ध केले. दुसऱ्या पिढीने रुग्णालये चालविली. एका स्त्रीच्या धैर्याचे रूपांतर सगळ्यांच्या सोयीत करण्याचे काम या दुसऱ्या पिढीचे होते.

जेरुशा यांचे शालेय शिक्षण पुण्यात मुलींच्या हायस्कुलात झाले. तेथून त्या मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आल्या आणि १९१२ मध्ये एल. एम. अँड एस. ही पदवी त्यांनी घेतली. एवढ्या शिक्षणावर मुंबईत उत्तम व्यवसाय करता आला असता. त्यांनी काही काळ तो केलाही. पण प्रसूतिशास्त्रातील उच्च शिक्षण घ्यावयाचे तर इंग्लंडला जाणे भाग होते आणि त्यासाठी पैसा नव्हता. टाटांच्या निधीतून शिक्षणासाठी कर्ज मिळाले, पुढे सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. परदेशातील वैद्यकीय शिक्षणासाठी भारतीय स्त्रीला अशी शिष्यवृत्ती मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

युद्धाच्या सावटातील लंडन

लंडनला त्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. रखमाबाईही याच संस्थेत शिकल्या होत्या. झिराड यांच्या शिक्षणाचा काळ पहिल्या महायुद्धाचा होता. पुरुष डॉक्टर आघाडीवर गेल्याने लंडनच्या रुग्णालयांत स्त्री डॉक्टरांना एरवी न मिळणारी जबाबदारीची कामे मिळू लागली होती. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन रुग्णालयात झिराड यांनी प्रसूतिविभागात काम केले. १९१९ मध्ये त्यांनी एम. डी. पूर्ण केली.

लंडनमधील वास्तव्यात त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. तेथे उदारमतवादी ज्यू विचारांची चळवळ जोर धरीत होती. क्लॉड मॉन्टेफिओर हे विद्वान आणि लिली मॉन्टेग्यू ही समाजसेविका तिच्या अग्रभागी होत्या. मॉन्टेग्यू यांनी लंडनच्या कष्टकरी मुलींसाठी संस्था चालविली आणि त्याच वेळी प्रार्थनासभांत उपदेशही केला. कर्मकांडाच्या बारकाव्यांपेक्षा नीतीला अग्रस्थान द्यावे, प्रार्थनेची भाषा लोकांना समजणारी असावी आणि तीत स्त्रियांना बरोबरीचे स्थान असावे, असा या चळवळीचा आग्रह होता. उपासना आणि सेवा ही एकाच जीवनाची दोन अंगे कशी असू शकतात, याचे उदाहरण तरुण झिराड यांना येथे पाहायला मिळाले.

कामाच्या प्रमुखपदी

भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर बंगळूरच्या प्रसूती रुग्णालयात काम केले. १९२५ च्या सुमारास त्या मुंबईस आल्या आणि कामा रुग्णालयात मानद शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाल्या. तेथील सर्वोच्च पद तोवर ब्रिटिश स्त्रियांकडेच राहिले होते. विसाच्या दशकाच्या अखेरीस ते झिराड यांच्याकडे आले. ज्या रुग्णालयात बहिणीचा जीव वाचला, त्याच रुग्णालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९४७ पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

त्या काळातील मुंबईची कल्पना आज करणे अवघड आहे. गिरण्या वाढल्या होत्या, चाळी गच्च भरल्या होत्या. एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत. घरातील अंधारा कोपरा हीच बाळंतिणीची खोली. नाळ कापायला जे हाती येईल ते वापरले जाई. बाळंतरोग, रक्तस्राव, गरोदरपणातील झटके आणि रक्तक्षय यांनी स्त्रिया दगावत. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे मराठीत म्हटले जाते. ते अलंकारिक बोलणे नव्हे. त्या काळी ती कौटुंबिक अनुभवाची नोंद होती. विशीतील आई गेली की तान्हे मूलही बहुधा वाचत नसे आणि एक तरुण संसार उघड्यावर येई.

अशा परिस्थितीत रुग्णालयाच्या प्रमुखाची दया केवळ गोड बोलण्यातून दिसून भागत नाही. खाटांची संख्या, उकळलेली उपकरणे, परिचारिकांचे प्रशिक्षण, प्रसूतीपूर्व तपासणी, या सगळ्यांतून ती दिसावी लागते. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिदीस याने दानाच्या पायऱ्या सांगितल्या, त्यात सर्वांत वरची पायरी अशी की, ज्याला मदत करावयाची त्याला स्वतःच्या पायावर उभे राहण्यास समर्थ करावे. रुग्णालयाला लागू करायचे तर याचा अर्थ असा की, एका निष्णात डॉक्टरच्या कौशल्यावर सारे अवलंबून राहू नये. ती नसतानाही काम नीट चालावे, अशी माणसे तयार व्हावीत. झिराड यांच्या कारकिर्दीत आणि नंतरही त्यांचा भर संघटना बांधण्यावर होता तो यामुळेच.

मृत्यूंचा हिशेब

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे आणि कदाचित सर्वांत अप्रिय काम १९३७-३८ चे आहे. मुंबई शहरात प्रसूतीत स्त्रिया नेमक्या कशाने मरतात, याची पद्धतशीर पाहणी त्यांनी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनसाठी हाती घेतली. हीच संस्था पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली. झिराड यांचा अहवाल १९४१ मध्ये सरकारी आरोग्य पत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

मृत्यूची कारणे शोधणे हे ऐकायला कोरडे शास्त्रीय काम वाटते. प्रत्यक्षात त्याला फार मोठे मन लागते. बाळंतपणात बाई गेली की कुटुंब म्हणे, देवाची इच्छा. सुईण म्हणे, तिचे नशीब. डॉक्टर म्हणे, फार उशिरा आणले. प्रत्येकाचे उत्तर त्याला स्वतःला निर्दोष ठरविणारे असे. कारण शोधायचे म्हटले की हे सोयीचे समाधान मोडते. मृत्यू टळू शकला असता का, टळला असता तर कोठे चुकले, ही विचारणा घराला नको असते, रुग्णालयाला तर त्याहून नको असते. स्वतः एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रमुखपदी असलेल्या स्त्रीने ती विचारणा सुरू करावी, याला धैर्य लागते.

येथे पुन्हा त्यांच्या परंपरेकडे वळावेसे वाटते. मृताविषयीची दया सर्वांत खरी, कारण ती परत मिळत नाही, असे ही परंपरा मानते. प्रसूतीत गेलेल्या स्त्रीसाठी आता औषध नव्हते, शस्त्रक्रिया नव्हती. तिच्यासाठी करता येण्याजोगी एकच गोष्ट उरली होती. तिचा मृत्यू बिनहिशेबी राहू न देणे. एकीच्या मृत्यूचे कारण कळले तर दुसरीचा जीव वाचतो. ही दया अश्रूंच्या रूपात दिसत नाही, तक्त्यांच्या आणि रकान्यांच्या रूपात दिसते. पण तिचे फळ पुढील पिढ्यांना मिळते.

आज भारतात मातामृत्यूच्या अन्वेषणाची रीतसर पद्धत आहे. केंद्र सरकारने त्यासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. झिराड यांचा अहवाल प्रसिद्ध होऊन तोवर ६९ वर्षे लोटली होती.

प्रार्थनेत स्त्रीची जागा

डॉक्टर म्हणून प्रस्थापित झाल्यावर धर्माचे क्षेत्र ज्येष्ठांवर सोपवून स्वस्थ बसणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते केले नाही. १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली. लंडनमधील उदारमतवादी चळवळीची ही भारतीय शाखा. परंपरागत सिनेगॉगमध्ये स्त्रिया वेगळ्या सज्जात बसत आणि प्रार्थना हिब्रूत होत. युनियनच्या सभांत स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. हिब्रूबरोबर समजणाऱ्या भाषेत प्रार्थना होऊ लागल्या. समाजातील अनेकांना हे मानवले नाही. लहानशा समाजात वेगळी वाट धरणाऱ्यास किती टीका सोसावी लागते, हे कोणत्याही जातीजमातीतील सुधारक सांगू शकेल. पुढे याच प्रवाहातून भायखळ्याला ‘रोदेफ शालोम’ हे प्रार्थनास्थळ उभे राहिले. त्याचा अर्थ शांतीचा शोध घेणारा.

बेने इस्राएल स्त्रियांच्या ‘स्त्री मंडळा’च्या कार्यातही त्यांचा वाटा होता. शिक्षण, आरोग्य आणि घरसंसार यांविषयी स्त्रियांना एकत्र आणणारे हे व्यासपीठ. त्यांच्याच समकालीन रिबेका रुबेन यांनी याच सुमारास मुंबईतील ज्यू मुलांच्या शाळेची धुरा वाहिली. एकीने शाळा सांभाळली, दुसरीने रुग्णालय. अत्यल्पसंख्य समाजातील दोन स्त्रियांनी साऱ्या शहराला पुरेल एवढे काम केले.

निवृत्तीनंतर

१९४५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एम. बी. ई. हा किताब दिला. १९४७ मध्ये त्या कामा रुग्णालयातून निवृत्त झाल्या. त्याच वर्षी भारतीय स्त्री डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९५७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. देशातील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या विविध शहरांतील संस्था १९५० मध्ये एका महासंघात एकत्र आल्या. या महासंघाच्या संस्थापक अध्यक्षांत झिराड यांचे नाव घेतले जाते. १९६६ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या काळात बेने इस्राएल समाजातील हजारो कुटुंबे तेथे गेली. महाराष्ट्रातील समाज झपाट्याने लहान होत गेला. झिराड भारतातच राहिल्या. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या हातून जन्मलेली मुले आजी-आजोबा झाली होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर समाजाची संख्या फारच थोडी उरली होती.

तरुण संसारांसाठी

या चरित्रातून आजच्या तरुण कुटुंबाने काय घ्यावे? मुलांना दयाळू बनवावे, असे प्रत्येक आई-वडिलांना वाटते. त्यासाठी आपण गोष्टी सांगतो, वाढदिवसाला अनाथाश्रमात खाऊ वाटतो, त्याची छायाचित्रे काढतो. ज्यू परंपरा येथे एक साधी कसोटी लावते. आपल्या देण्यात आपला देह, आपला वेळ किती होता? शेजारची बाळंतीण घरी आली तेव्हा आपण निरोप पाठविला की डबा घेऊन गेलो? घरातील वृद्धाला दवाखान्यात नेताना मुलाला बरोबर घेतले की त्याच्या शिकवणीचे कारण सांगून घरीच ठेवले? अकरा वर्षांच्या जेरुशा यांना बहिणीच्या आजारपणापासून दूर ठेवले गेले असते, तर कामा रुग्णालयातील त्या डॉक्टर त्यांच्या नजरेला पडल्याच नसत्या. मुले दया पाहून शिकतात. आजारपण त्यांच्यापासून लपविणाऱ्या घरात ती त्यांना दिसणार तरी कोठे?

दुसरी गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेरची आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. महाराष्ट्रातील असे चारच जिल्हे निवडले गेले. वाशीमबरोबर नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, हे त्यांत होते. या जिल्ह्यांची प्रगती ज्या निकषांवर मोजली जाते, त्यांत गरोदर मातांची तपासणी आणि रुग्णालयातील प्रसूती यांना महत्त्वाचे स्थान आहे. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे, गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती विनामूल्य आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. त्याचे परिणामही दिसतात. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते.

आकडा लहान झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ३३ या आकड्यातील प्रत्येक एकक म्हणजे एक घर आहे. रक्तक्षय आजही आहे. पाचव्या महिन्यापर्यंत नोंदणी न करणारी, सासरचे काम सोडून तपासणीला जाता येत नाही म्हणून राहून जाणारी सून आजही आहे. तिला दवाखान्यात नेण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोडणारा नवरा, तिच्या ताटात आधी वाढणारी सासू, तिच्या मुलीला शाळेतून घरी आणणारी शेजारीण, ही सारी हेसेदचीच माणसे आहेत. त्यांना तो हिब्रू शब्द माहीत असण्याचे कारण नाही.

झिराड यांच्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवून आपला धर्म राखला. त्याच धर्माने त्यांना सांगितले होते की, अडलेल्या बाईसाठी शनिवारही थांबत नसतो. विसावा कधी घ्यायचा आणि कधी तो मोडून उठायचे, हे कळणे म्हणजेच दया. जेरुशा झिराड यांना ते अकराव्या वर्षी उमगले आणि पुढचे आयुष्य त्यांनी त्याप्रमाणे काढले.